अनुभव धागा: माळ्यावरची काळी ट्रंक

डिचोलीकर_आजोबा

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली म्हणून काल माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची, चौकट काढायला माळ्यावर चढलो. चौकटीमागे माझी फौजेतली काळी ट्रंक. वर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, ट्रेड. अक्षरं मीच सिकंदराबादला ट्रेनिंगमध्ये काढली होती. गंज चढलाय, पण 'व्हेईकल मेकॅनिक' अजून वाचता येतं.

१९७९ ला ईएमईत, म्हणजे फौजेची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात भरती, १९९६ ला हवालदार होऊन घरी. ट्रंकेत सगळ्यात वर फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. नातू म्हणाला, आजोबा हा पंखा कसला? एकेक पातं उघडून दाखवलं, प्रत्येकावर जाडी कोरलेली. टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, सेट करताना त्या फटीत पातं घालायचं आणि ओढून बघायचं. सुळकन निघालं तर फट जास्त, अडकलं तर कमी. जरासं धरून मग सोडलं की बरोबर. हे तोंडाने सांगून येत नाही. आमचे उस्ताद तामिळी, त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला धड हिंदी. माझं बोट धरून पातं ओढायला लावायचे. काल तसंच नातवाचं बोट धरलं.

लेहला होतो तेव्हा शक्तिमान ह्या फौजी ट्रकच्या रेडिएटरमधलं पाणी रोज रात्री काढून टाकायचो, नाहीतर गोठून ब्लॉक तडकतो. पहाटे गरम पाणी भरायचं, ऑइल चेंबरखाली स्टोव्ह ठेवायचा, तेव्हा कुठे गाडी आवाज द्यायची. दिवसभर गार लोखंड धरलेली बोटं संध्याकाळी पेनाभोवती वळत नसत. म्हणून माझी पत्रं चार ओळींची. बायकोला वाटायचं, ह्या माणसाला घराची ओढ नाही. ती पत्रं तिने त्याच ट्रंकेत ठेवली होती, मला माहीत नव्हतं. कारण मी तिला काल सांगितलं, चाळीस वर्षांनी.

पुढे डिचोलीला गॅरेज टाकलं, खाणींचे टिप्पर. त्याचं नंतर लिहितो. तुमच्या घरात कोणी फौजेत, यार्डात, गॅरेजात आयुष्य काढलं असेल तर लिहा. घरात मागे राहिलेल्यांनी तर जरूर लिहा.

पेडण्याची_माई

भाऊ, चार ओळींचं वाचलं आणि भाजी करपली. आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत, बेळगावला ट्रेनिंग. ५ जुलै १९८६ ला पणजीला जाणारा मांडवीचा पूल कोसळला आणि त्याच महिन्यात मी बाळंत. प्रेशर वाढलं म्हणून म्हापशाहून पणजीला न्यायला सांगितलं. बेतीच्या धक्क्यावर फेरीला ही रांग, वरून पाऊस. सासरे टॅक्सीतून उतरून रांगेतल्या एकेका गाडीच्या काचेवर टकटक करत पुढे गेले. सगळ्यांनी वाट दिली. कोणाचं नाव माहीत नाही, पण चवथीला दिवा लावताना मी त्या रांगेला अजून हात जोडते.

ह्यांना काय लिहिलं? "मुलगा झाला. दोघं सुखरूप. काळजी नको." पुलाचं नाव काढलं नाही, तिथे बसून जीव खाल्ला असता. म्हणजे मीही चारच ओळी लिहिल्या की हो. मुलगा पाच महिन्यांचा झाल्यावर हे आले, तर तो ह्यांच्या मिशा बघून किंचाळला. दोन दिवस ह्यांच्याकडे जाईना. हे मागच्या पडवीत जाऊन बसले होते, ते मी पाहिलं.

वास्कोची_लेक

माझे बाबा नेव्हीत, इंजिन रूमला. आयएनएस शिवाजीत शिकले, लोणावळ्याला. ट्रंक आमच्याकडेही आहे, आई त्यात तांदूळ ठेवते.

बाबा मशीन कानाने तपासायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा. शेजारच्यांचा मिक्सर, पंप, सगळं असंच. शेवटी त्यांना आमची नावं आठवत नव्हती. पण इस्पितळात खाटेचा कठडा खडखडत होता तर चमच्याच्या दांड्याने स्क्रू आवळत बसले. नर्सबाय थांबून राहिली, औषध मागाहून दिलं.

होल्डर_म्हापसा

फौज नाही, पण यार्डात ३१ वर्षं वेल्डिंग. चालेल ना

पावसाळ्यात ७०१८ नंबरचे वेल्डिंगचे रॉड ओव्हनमध्ये तापवूनच घ्यायचे, दमट रॉड लावला की जोडात छिद्रं. नवीन होतो तेव्हा काच नीट न धरता आर्क बघितला, रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या आणि पहाटेपर्यंत उशाशी बसून होती. तिन्ही मुलींची लग्नं रॉड धरायच्या ह्या होल्डरवर केली. धाकटी आता इंजिनीयर आहे, मला जोडाचे एक्स-रे दाखवून विचारते, बाबा हे कसं टाळायचं.

सत्तरीकर

माटोळीची चौकट फणसाची की सागाची? आमची पार वाळवीने खाल्ली. माटोळीला लागणारी कांगलां कोणाला दिसली का बाजारात

डिचोलीकर_आजोबा

@सत्तरीकर फणसाची, वडिलांच्या वेळची. कांगलां अजून नाहीत, सुपारीचे घड सांगून ठेवलेत.

@माई, पडवीतलं वाचलं. माझी मुलगीही तशीच रडली होती, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

गॅरेजचं राहिलं. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा पोरांनी कर्ज काढून घेतलेले टिप्पर माझ्या दारात ओळीने उभे. महिन्यातून एकदा प्रत्येक इंजिन चालू करून ठेवायचो, पैसे न घेता. इंजिन उभं राहिलं की आतून गंजतं, आणि मालकही खचतो. बायको म्हणाली, डिझेल आपलं जाऊ दे, आपण पेन्शनवाले. ती असं म्हणाली म्हणून जमलं.

फोंडेकर_पोर

काका माझा भाऊ आयटीआयला आहे, डिझेल मेकॅनिक, त्याला अग्निवीर व्हायचंय. घरात रोज वाद. चार वर्षं, मग शंभरातले पंचवीसच कायम, आई नको म्हणते. काय सांगू

डिचोलीकर_आजोबा

आधी आयटीआय पुरं करू दे. सर्टिफिकेट हातात घेऊन जाऊ दे, म्हणजे चार वर्षांनी परत आला तरी हात रिकामे नसतील. आणि आईला रागावू नका. तिला एकटीला घेऊन माझ्याकडे या, माझी बायको बोलेल तिच्याशी.

पेडण्याची_माई

मी पण बोलेन. नंबर खाजगीत पाठव रे.

होल्डर_म्हापसा

एक विचारायचं होतं, इथे सगळे पेन्शनवाले आहेत म्हणून. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला माझा अंगठा मशीन घेत नाही. रेषाच राहिल्या नाहीत. तीन वेळा परत पाठवलं

वास्कोची_लेक

काका अंगठा नको. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, हयातीच्या दाखल्याचं सरकारी 'जीवन प्रमाण' ॲप आहे. बाबांचं मी तसंच करायचे. उजेडाकडे तोंड करून बसा, चष्मा काढा, आणि ॲप सांगेल तेव्हा पापणी मिटा. मुलीला सांगा, पाच मिनिटांचं काम.

डिचोलीकर_आजोबा

माझाही उजवा अंगठा गेल्या वर्षी घेतला नव्हता. होल्डर, रविवारी मोबाइल घेऊन इकडेच या, दोघांचं शिकून ठेवू. बायको विचारतेय, मासे चालतात ना?