नेटवर्कच्या आकृतीमागे रंगीत आकार रेखाटावेत की पान कोरं ठेवावं?

नकाशावेडी

गेल्या आठवड्यात माझी एक आकृती परत आली. शेरा एवढाच: 'मागचे रंगीत आकार काढून टाका, आकृती साधी करा.' ११ वर्षं मी नेटवर्कच्या आकृत्या काढते आहे आणि हा शेरा मला अजिबात पटलेला नाही. राउटर, स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) आणि तारा ही अर्धीच माहिती झाली. ते सगळं कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, हे मागच्या आकारांवरून कळतं. आणि ते आकार देखणेच हवेत. ओबडधोबड पान कोणी भिंतीवर लावत नाही, ते फायलीत जातं आणि गरजेच्या वेळी सापडत नाही.

एका साखर कारखान्यातली गोष्ट सांगते. आकृतीत १४ स्विच, एकाखाली एक, नावाला नुसते क्रमांक. गळीत हंगामात रात्री दोन वाजता वजनकाट्यावरचा संगणक नेटवर्कवरून तुटला. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. रात्रपाळीचा वायरमन पान हातात धरून उभा, पण ९ नंबरचा स्विच कुठल्या इमारतीत आहे हेच त्याला उमगेना. मी फोनवर होते, मलाही सांगता येईना. स्विच सापडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

नंतर तीच आकृती मी नव्याने काढली. काटा, गव्हाण (ऊस टाकायची जागा), बॉयलर, साखर गोदाम, शेतकी ऑफिस, प्रत्येक इमारत प्रत्यक्षात आहे त्याच बाजूला, फिकट रंगाचा आकार म्हणून मागे. पुढच्या खेपेला वायरमनने पान बघितलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा गव्हाणीच्या मागचा." मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

नव्याने काढणाऱ्यांसाठी पद्धतही लिहिते. शेतकी ऑफिस एल आकाराचं आहे. व्हिजिओ या आकृत्या काढायच्या प्रोग्रॅममध्ये दोन आयत एकमेकांवर ठेवून 'युनियन' केलं की तो आकार मिळतो. आतला रंग ८० टक्के पारदर्शक, कड त्याच रंगाची पण गडद, सावली नाही, ग्रेडियंट नाही. नाव डावीकडे वरच्या कोपऱ्यात. मग कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून आकार मागे ढकलायचा आणि त्या लेयरला कुलूप घालायचं. ते घातलं नाही तर स्विच हलवायला जावं आणि अख्खी इमारत सरकावी असं होतं.

साधा_स्विच

तुमचा अनुभव खरा आहे, निष्कर्ष मान्य नाही. ९ नंबरच्या स्विचचं नाव 'गव्हाण-१' ठेवलं असतं तर वायरमनची अडचण तिथेच मिटली असती. दोष नाव ठेवण्यात होता.

आलेखांचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ साली अशा सजावटीला 'चार्टजंक' म्हटलं: जी शाई माहिती देत नाही ती पुसा. मी रोज जे पाहतो ते सांगतो. निळा ग्रेडियंट, त्यावर ढगाचं चित्र, त्यावर काळ्या अक्षरात आयपी पत्ता. ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्यात छापलं की निळ्याचा राखाडी होतो आणि १०.२०.३० आहे की १०.२०.८० हे कळत नाही. चुकीच्या सबनेटवर (नेटवर्कच्या भलत्याच तुकड्यावर) हात पडला तर जबाबदार कोण?

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा आठवा. हॅरी बेक हा मूळचा इलेक्ट्रिकल ड्राफ्ट्समन. त्याने खरा भूगोल बाजूला ठेवला, फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेषा ठेवल्या. १९३३ साली छापलेला तो नकाशा म्हणूनच लोकांना वाचता आला.

नकाशावेडी

बेकचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! त्याने रस्ते, बागा, इमारती सगळं काढून टाकलं, पण थेम्स नदी ठेवली. नदीवरून एकही गाडी धावत नाही, तरी ती मागे हवी, कारण आपण उत्तरेला आहोत की दक्षिणेला हे प्रवाशाला तिच्यावरूनच कळतं. २००९ साली नकाशा 'स्वच्छ' करायचा म्हणून नदी काढून टाकली, भाड्याच्या झोनचे मागचे पट्टेही काढून टाकले. लोक इतके भडकले की काही महिन्यांत दोन्ही परत आणावं लागलं. नेटवर्कच्या आकृतीतली आपली थेम्स कोणती, ती शोधून काढावी, एवढंच मी म्हणते.

नावाबद्दल मात्र तुमचं बरोबर. नावं मी आता बदलली आहेत.

रात्रपाळी_नॉक

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो सौंदर्याशी संबंधित नाही. आकार म्हणजे कुंपण, आणि नेटवर्क कुंपण पाळत नाही. आमच्याकडे व्हीएलएएन ४० (त्याच तारांवर आखलेलं एक वेगळं आभासी नेटवर्क) तीन इमारतींत पसरलेलं आहे. एकच स्विच एका इमारतीत आहे, चार व्हीएलएएनमध्ये आहे आणि दोन सुरक्षा झोनच्या सीमेवर आहे. त्याच्यामागे कोणता आकार काढणार? तिन्ही काढले तर रंगांवर रंग चढून पानाचा चिखल होतो. एकच काढला तर उरलेल्या दोन बाबतींत पान खोटं बोलतं, आणि रात्री तीन वाजता मी त्या पानावर विश्वास ठेवलेला असतो.

शिवाय हाताने रंगवलेल्या पानात बदल करायला कोणाचा हात धजत नाही. स्विच बदलतो, पान तसंच राहतं. म्हणून मी ग्राफविझ या प्रोग्रॅमने मजकुरातून आकृती काढतो. रोज पहाटे नवी तयार होते. सुंदर नसते, पण खरी असते.

तेजस_ऑडिट

रात्रपाळी, ग्राफविझमध्येही 'क्लस्टर' आहेच की. सबग्राफच्या (आकृतीतल्या गटाच्या) नावाची सुरुवात क्लस्टरने केली तर त्याभोवती चौकट येते, रंगही भरता येतो. त्यामुळे मागचे आकार आणि ताजेपणा यांत भांडण नाही.

मी सुरक्षेच्या बाजूने बोलतो. कार्ड पेमेंट हाताळणाऱ्यांना पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकानुसार नेटवर्कची अद्ययावत आकृती ठेवावीच लागते. अशी आकृती हातात आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: कार्डाचा डेटा जिथे आहे ती हद्द कुठे संपते. मागे आकार असेल आणि फायरवॉल (नको ती ये-जा रोखणारी चौकी) बरोब्बर त्याच्या कडेवर बसवलेली असेल, तर फायरवॉल चुकवून कड ओलांडणारी एखादी तार लगेच डोळ्यांत भरते. कोऱ्या पानावर तीच तार शोधायला मला दुपार लागली आहे.

पण नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरवा फरक न दिसणारे सहकारी आपल्यात असतात. डीएमझेडला (बाहेरच्या जगाला उघड्या ठेवलेल्या भागाला) तुटक कड, आतल्या भागाला सलग कड. आणि अक्षर व पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ ठेवा, वेबपानांसाठी हेच प्रमाण धरतात.

नकाशावेडी

रात्रपाळी, तीन आकार एका पानावर नकोतच, हे मला शंभर टक्के मान्य. एका पानाला एकच प्रश्न: इमारतींचं पान वेगळं, झोनचं वेगळं. इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क असलेल्या अर्पानेटवाल्यांनीही १९७० च्या दशकात तेच केलं. अमेरिकेच्या बाह्यरेषेवर मांडलेला भौगोलिक नकाशा निराळा आणि कोण कोणाला जोडलंय हे दाखवणारा निराळा. पण व्हीएलएएन ४० तीन इमारतींत पसरलंय, हे इमारतींच्या पानावर तीन आकार दिसल्याशिवाय नव्या माणसाला जाणवेल का?

रात्रपाळी_नॉक

जाणवेल, तारेवर ४० लिहिलं की. दोन पानं म्हणजे अद्ययावत ठेवायच्या दोन गोष्टी. माझ्या पाळीला तीन माणसं आहेत. मी एकच पान ठेवणार.

साधा_स्विच

कड मला चालेल, भरलेला रंग नाही. तुमचं कारखान्याचं पान एकदा काळ्या-पांढऱ्यात छापा आणि हातभर अंतरावरून वाचून बघा.

नकाशावेडी

आज छापलं. अक्षरं सगळी नीट वाचता येतात. पण गव्हाणीचा पिवळा पूर्ण उडाला, जागा कोरी दिसते, आणि बॉयलर व गोदाम एकाच राखाडीत गेलेत. गोदामाला आता तिरप्या बारीक रेषा भरल्या आहेत, गव्हाणीची कड दुप्पट जाड केली आहे. रंग ठेवलेत. उद्या हेच पान काट्यावर लावायला देते.