मालगुजारी तलावाचा उथळ काठ वाचवण्यासाठी कायदेशीर मार्ग कोणता? मदत हवी आहे

नमस्कार.

मी नागपूरला राहते. भंडारा जिल्ह्यातील एका मालगुजारी तलावावर, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजार जमीनदारांच्या काळातील जुन्या गावतलावावर, आमचा पक्षिनिरीक्षकांचा छोटा गट दर हिवाळ्यात नोंदी ठेवतो. तिथे जाळी लावून पक्षी धरण्याचे प्रकार अधूनमधून होतात, म्हणून गावाचे नाव इथे देत नाही. सध्या या तलावाच्या खोलीकरणाचा प्रस्ताव तयार झाला असून तो लवकरच ग्रामसभेपुढे येणार आहे, आणि त्याआधी जाणकारांचा सल्ला मिळावा यासाठी हे लिहीत आहे.

गाळ काढण्याला आमचा मुळीच विरोध नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांतील गाळ पूर्वापार निघत आला आहे आणि तो शेतात पडला की धानाला लाभतोच. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ही नियमित देखभाल थांबली. त्यामुळे आज गाळ साठला आहे, बेशरम हे तणही माजले आहे. आक्षेप एवढाच आहे की प्रस्तावात सगळे बुडीत क्षेत्र एकाच खोलीपर्यंत खणायचे ठरले आहे. पाळीच्या (तलावाच्या मातीच्या बांधाच्या) समोरचा, जिथून पाणी तलावात उतरते तो भाग गुडघाभर पाण्याचा आहे. तिथे देवधान हा रानटी भात उगवतो, तरंगत्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटे टाकत चालतात, मुग्धबलाक चिखलात चोच खुपसून गोगलगायी शोधत असतात. मरळ मासा याच गवताळ पाण्यात अंडी घालतो, म्हणून ढिवर (मासेमार) सोसायटीचे सभासदही सरसकट खोदाईला राजी नाहीत. पोकलेन एकदा या भागातून फिरला तर तलावात पाणी वाढेल, पण त्यात वाढणारे फारसे काही उरणार नाही.

आमची खरी अडचण कायद्याची आहे. २०१७च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांखाली हा तलाव अधिसूचित व्हावा, असा आमचा पहिला विचार होता. परंतु त्या नियमांतील व्याख्येतून धानाची शेते वगळलेली आहेत आणि खास सिंचनासाठी बांधलेल्या रचनाही वगळलेल्या आहेत. पूर्व विदर्भात याचा अर्थ फार गंभीर होतो. राज्यात सारस आता मुख्यतः गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत उरला आहे. तो घरटे करतो धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, आणि चरतो तलावाच्या उथळ काठावर. म्हणजे ज्या पक्ष्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली, त्याची ही दोन्ही ठिकाणे पाणथळ म्हणून मोजलीच जात नाहीत. दुसरीकडे, राज्याचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेले नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरीवर सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले आहे. तिथे जे मान्य झाले ते इथे का होऊ नये, हे मला समजत नाही.

माझा पहिला प्रश्न ‘खास सिंचनासाठी’ या अटीविषयी आहे. मालगुजारी तलावावर शेतीबरोबरच मासेमारी, शिंगाडा, गुरांचे पाणी, गावाची आंघोळ आणि धुणी हे सारे चालत आले आहे. आपल्या भागात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजांत गावाचे असे हक्क आणि वहिवाटी लिहिलेल्या असतात. त्यांच्या आधारे, तलाव केवळ सिंचनाचा नव्हता असे कोणी प्रशासनापुढे मांडले आहे का? मांडले असल्यास या नोंदींच्या प्रमाणित प्रती तहसील कार्यालयातून मिळाल्या की जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून, हेही कळवावे.

दुसरे असे की, इस्रोच्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातील सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला होता. त्या संग्रहात मानवनिर्मित तलावही आहेत. जिल्हा पातळीवर या आदेशाचा उपयोग करून एखादे खोलीकरण बदलून घेतल्याचा अनुभव कोणाला आहे का?

तिसरा मार्ग जैविक विविधता कायदा, २००२ मधील कलम ३७चा, म्हणजे जैवविविधता वारसा स्थळाचा. गडचिरोलीतील आलापल्लीचे जंगल आणि आंबोलीचे हिरण्यकेशी उगमस्थान यांना हा दर्जा मिळालेला आहे. राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच असल्याने प्रस्ताव नेऊन देणे मला अवघड नाही. पण आमच्या ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तलावाबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत. प्रस्तावाआधी ती नोंदवही नव्याने करावी लागेल असे वाटते. त्यासाठी वनस्पती आणि मासे ओळखू शकणाऱ्या अभ्यासकांची गरज आहे, कारण आमच्या गटाला पक्ष्यांपलीकडे फारसे कळत नाही. महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभागातील कोणी पावसाळ्याच्या अखेरीस, देवधान फुलावर असताना, येऊ शकले तर प्रवासाची आणि गावात राहण्याची व्यवस्था आम्ही करू.

आणखी एक विनंती आहे. तलावाचा साधारण तिसरा हिस्सा न खणता राखायचा आणि गाळ फक्त पाळीकडच्या खोल भागातून काढायचा, असा पर्यायी आराखडा आम्ही ग्रामसभेत ठेवणार आहोत. साठवणक्षमतेचे गणित मांडून देणारा निवृत्त लघुपाटबंधारे अभियंता कोणाच्या परिचयात असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. धानाला शेवटचे पाणी कमी पडणार नाही, हे आकड्यांनी दाखवता आले नाही तर शेतकऱ्यांनी आमचे का ऐकावे, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.