पंधरा विभक्तींची फिन्निश अवघड की चार विभक्तींची जर्मन?

मूळ मांडणी

युरोपातील भाषा शिकायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे एक ठरलेला क्रम सांगितला जातो. फिन्निशमध्ये पंधरा विभक्ती आहेत म्हणून ती सर्वांत अवघड, जर्मनमध्ये चार म्हणून ती मध्यम, आणि डचमध्ये आज नामांना विभक्ती जवळजवळ उरलेल्याच नाहीत म्हणून ती सर्वांत सोपी. मराठी बोलणाऱ्यापुरता तरी हा क्रम मला चुकीचा वाटतो, कारण त्यात विभक्ती मोजल्या जातात आणि लिंग मोजायचे राहून जाते.

फिन्निशमध्ये ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात आणि ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून. अनेकवचन करायचे तर मध्ये एक ‘इ’ घालायचा, की ‘तालोइस्सा’ म्हणजे घरांमध्ये. वचनाचे चिन्ह वेगळे, विभक्तीचे वेगळे, आणि दोन्ही नामाच्या शेवटी लागतात. ‘माझ्याकडे गाडी आहे’ हे वाक्यसुद्धा तिथे आपल्यासारखेच बांधले जाते. ‘मिनुल्ला ओन आउतो’, म्हणजे शब्दशः ‘माझ्यापाशी आहे गाडी’. शिवाय या भाषेत व्याकरणिक लिंगच नाही. ‘तो’ आणि ‘ती’ या दोघांसाठी ‘हॅन’ हे एकच सर्वनाम आहे.

जर्मनमध्ये मात्र लिंग, वचन आणि विभक्ती ही तिन्ही नामाआधीच्या एका छोट्या उपपदात कोंबलेली असतात. ‘डेअर’ हे उपपद पुल्लिंगी प्रथमेचे आहे, स्त्रीलिंगी चतुर्थीचे आणि षष्ठीचे आहे, आणि तिन्ही लिंगांच्या अनेकवचनी षष्ठीचेही आहे. जेवणाच्या टेबलावरचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. हे पाठ नसेल तर चारही विभक्तींची रूपे येत असूनही वाक्य चुकते.

प्रतिसाद १ (असहमत)

आपण ‘तालो’ हा उदाहरणासाठी सर्वांत सरळ शब्द निवडला आहे. रस्ता म्हणजे ‘कातु’, पण रस्त्यावर म्हणजे ‘कादुल्ला’; हात म्हणजे ‘कॅसि’, पण हातात म्हणजे ‘कॅदेस्सॅ’. प्रत्यय लागताच शब्दाच्या पोटातले व्यंजन बदलते, आणि शब्दातील स्वर कोणत्या गटाचे आहेत त्यानुसार प्रत्ययाचा स्वरही बदलतो. घराचे आणि घरामध्ये (जाणे) या दोन रूपांतला फरक तर केवळ ‘ओ’ ऱ्हस्व की दीर्घ एवढाच आहे, आणि तो मराठी कानाला सहज पकडता येत नाही.

यापेक्षा मोठी अडचण कर्माची आहे. ‘लुइन किर्यान’ म्हणजे मी पुस्तक वाचून पूर्ण केले. त्याच नामाला अंशवाचक विभक्ती लावली की अर्थ ‘मी पुस्तक वाचत होतो’ असा होतो. क्रियापद जसेच्या तसे राहते, आणि क्रिया पुरी झाली की नाही हे नाम सांगते. वाक्य नकारार्थी असेल तर पुस्तक पुरे वाचायचे असो वा अर्धे, कर्म अंशवाचकच घ्यावे लागते. मराठीत हे काम क्रियापद करते, त्यामुळे आपल्या मनात यासाठी जागाच तयार नसते. पंधरांपैकी चौदा विभक्ती सहा महिन्यांत अंगवळणी पडतील, पण ही एक वर्षानुवर्षे चुकत राहते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

अंशवाचक विभक्तीबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मी मांडायला हवा होता. शब्दाच्या पोटातील बदलांबद्दल मात्र सहमत होता येत नाही. आपण ‘पाऊसात’ म्हणत नाही, ‘पावसात’ म्हणतो; ‘विहीरीत’ न लिहिता ‘विहिरीत’ लिहितो. प्रत्ययाआधी नामाचे सामान्यरूप होते हे आपण लहानपणीच आत्मसात केलेले असते. फिन्निशचे नियम वेगळे आहेत, पण कल्पना आपल्या ओळखीची आहे.

प्रतिसाद २ (जर्मनच्या बाजूने)

जर्मन लिंग म्हणजे निव्वळ पाठांतर, हे अर्धसत्य आहे. ‘उंग’, ‘हाइट’ आणि ‘काइट’ या प्रत्ययांनी संपणारी साधित नामे स्त्रीलिंगी असतात आणि लघुत्वदर्शक ‘खेन’ प्रत्यय लागलेली नपुंसकलिंगी. मुलगी या अर्थाचा ‘मेडखेन’ हा शब्द नपुंसकलिंगी का, याचे उत्तर तिथेच मिळते. ‘ते पोर’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तर त्याचे नवल वाटण्याचे कारणच नाही.

विशेषणांच्या बाबतीतही आपली मराठी उपयोगी पडते. मोठा वाडा, मोठी गल्ली, मोठे घर. परंतु प्रत्यय लागताच मोठ्या वाड्यात, मोठ्या गल्लीत, मोठ्या घरात. विशेषणातील लिंगभेद मावळतो आणि एकच रूप उरते. जर्मनमध्ये निश्चित उपपदानंतर चतुर्थीत नेमके हेच घडते आणि तिन्ही लिंगांना ‘ग्रोसन’ हे एकच रूप चालते. तीन लिंगे पाळण्याची आणि विशेषण नामाशी जुळवण्याची सवय घेऊनच आपण वर्गात बसतो. एका नामाचे लिंग चुकेल, पण लिंग म्हणजे काय हे आपल्याला समजावून द्यावे लागत नाही.

प्रतिसाद ३

वरील चर्चेत डचला कोणी विचारातच घेतलेले नाही. तिथे विभक्ती लोपल्या हे खरे आहे. लेखनातील विभक्तीचा जुना ‘न’ 1946-47 च्या शुद्धलेखन सुधारणेत गेला, आणि आज ‘डेन हाग’ या शहराच्या नावातला ‘डेन’ किंवा काही ठरीव वाक्प्रचार एवढ्याच खुणा दिसतात. पण लिंग गेलेले नाही. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग ‘डे’ या एका उपपदाखाली एकत्र आले आणि नपुंसकलिंगाचे ‘हेट’ स्वतंत्र राहिले. ‘एन मोइ बूक’ म्हणजे सुंदर पुस्तक, पण ‘एन मोये ताफल’ म्हणजे सुंदर टेबल, आणि हा फरक केवळ लिंगामुळे पडतो. जर्मनमध्ये निदान प्रत्येक वाक्यात वेगवेगळी रूपे पुन्हा पुन्हा कानावर पडून लिंग पक्के होत जाते. डचमध्ये तशा खुणा फार थोड्या आहेत, म्हणूनच डच मातृभाषा असलेली मुलेसुद्धा ‘हेट’च्या जागी बराच काळ ‘डे’ वापरत राहतात. विभक्ती गेल्यामुळे लिंग सोपे झाले नाही, उलट त्याचा आधार गेला.

मूळ लेखकाचे उत्तर

डचबद्दलचे हे विवेचन मला पटले, आणि तिला सोपी म्हणताना मी यापुढे नामाचे लिंग वगळून बोलणार नाही. जर्मनबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. फिन्निशमध्ये विशेषणही विभक्ती घेते, पण ‘इसोस्सा तालोस्सा’, म्हणजे मोठ्या घरात, यात दोन्ही शब्दांना एकच प्रत्यय लागतो आणि एकावरून दुसरा ताडता येतो. जर्मनमध्ये उपपद बदलले की विशेषणाचा शेवट बदलतो. ‘डेअर गुटं मान’ म्हणायचे, पण ‘आइन गुटर मान’. तो चांगला माणूस आणि एक चांगला माणूस यांत ‘चांगला’ शब्दाचे रूप बदलावे, याला मराठीत मला कुठेही जोड सापडलेली नाही.