सल्ला हवा: गेम स्टुडिओ, ई-लर्निंग की संग्रहालयाचं काम? घर सांभाळून काय जमेल?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका मोबाइल गेम स्टुडिओत सीनियर डेव्हलपर आहे. युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर), सी शार्प (त्यातली कोडची भाषा), थोडं शेडरचं काम (चित्राचा रंग-प्रकाश ठरवणारा कोड). आमचा गेम लाइव्ह आहे, म्हणजे दर आठवड्याला नवा इव्हेंट, सतत नवे बिल्ड (गेमच्या तयार आवृत्त्या), आणि रात्री काही बिघडलं तर ऑन-कॉल. गेमचा प्रकाशक अमेरिकेतला, त्यामुळे रोजची मीटिंग रात्री.

घरी लेक छोट्या गटात आहे. सासऱ्यांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी घेऊन चालतात, पण सकाळी व्यायाम करून घ्यायला आणि रात्री झोपवायला कोणीतरी लागतंच. सासूबाई खूप करतात, पण त्यांचंही वय झालंय. नवरा हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, शिफ्ट फिरती. संध्याकाळी सात ते दहा घराला माझी सगळ्यात जास्त गरज असते, आणि नेमकी तेव्हाच ऑफिसलाही.

हे क्षेत्र सोडायचं नाही, आधीच सांगते. लहान मूल स्क्रीनला हात लावतं आणि समोरचं चित्र त्याला उत्तर देतं, त्यासाठी मी या कामात आले आणि मला त्यातच राहायचंय.

समोर तीन वाटा आहेत. आहे तिथेच राहणं. एका ई-लर्निंग कंपनीची नोकरी, पगार साधारण पाव हिश्शाने कमी. किंवा फ्रीलान्स: ओळखीतले एक जण संग्रहालयांसाठी टचस्क्रीन आणि प्रोजेक्शनची कामं घेतात, त्यांना प्रोग्रामर हवाय. या कामांत प्रत्यक्ष असलेल्यांनी खरंखुरं सांगा. मुलाखतीत काय विचारू, तेही सांगा.

खडीसाखर

ई-लर्निंगमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून लिहिते.

इथला गोंधळ वेगळ्या जातीचा असतो. आधी स्टोरीबोर्ड, मग अल्फा, बीटा, गोल्ड (कच्ची, सुधारलेली आणि अंतिम आवृत्ती), आणि प्रत्येक टप्प्यावर क्लायंटचा रिव्ह्यू. उशीर होतो तो बहुतेक वेळा विषयतज्ज्ञ उत्तर देत नाहीत म्हणून, किंवा आवाज रेकॉर्ड झाल्यावर कोणीतरी वाक्य बदलतं म्हणून. चिडचिड होते, पण तारीख आधी दिसते. रात्री दोन वाजता कोर्स कोसळला म्हणून मला आजवर कोणी उठवलेलं नाही. वर्षअखेरीला मात्र बजेट संपवायची घाई असते, तेव्हा आमच्याकडेही शनिवार जातात.

काम तुम्हाला सुरुवातीला सोपं वाटेल. स्टोरीलाइनमध्ये (कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर) ट्रिगर आणि व्हेरिएबल लावणं तुम्ही पटकन उचलाल. पण फक्त तेवढंच करत राहिलात तर कंटाळाल, आणि पगारही तिथेच अडकेल. म्हणून माझा आग्रह एका गोष्टीचा आहे: अ‍ॅक्सेसिबिलिटी शिका. अंध व्यक्तीला स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कोर्स वाचता येतो का, माऊसशिवाय फक्त कीबोर्डवर पूर्ण करता येतो का, रंगांतला फरक पुरेसा आहे का. अमेरिकेतल्या सरकारी कामांना हे बंधनकारक आहेच, आणि युरोपचा अ‍ॅक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झालाय. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, आजच कॉम्प्युटरवर लावून एखादी वेबसाइट ऐकून बघा. आमच्याकडे या तपासणीला नीट शिकलेली माणसं कमी पडतात, आणि हे काम दुपारी दोनला केलं काय आणि सकाळी सहाला केलं काय, सारखंच. कोणासाठी तरी दार उघडतंय याचं समाधान मिळतं ते वेगळंच.

ठाणेकर_विनू

संग्रहालयाचं मी सांगतो. मी हेच करतो.

यात दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकच समजतात. पहिलं टेबलावरचं: कंटेंट, इंटरॅक्शन, प्रोग्रामिंग. हे काही महिने शांतपणे चालतं. दुसरं जागेवरचं, म्हणजे बसवणं. तिथे उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते आणि ती काही केल्या हलत नाही. सुतारकाम आणि वायरिंग उशिरा संपतं, रंगाचा वास असताना आम्ही प्रोजेक्टर जुळवतो, तेही बऱ्याचदा रात्री, कारण अंधार झाल्याशिवाय चित्र नीट दिसत नाही. शेवटचा पंधरवडा घर विसरायचं. जागा पुण्यात असेल असंही नाही.

त्यामुळे तुम्ही फक्त पहिलं काम घ्या आणि ते करारात स्पष्ट लिहा: सॉफ्टवेअर पूर्ण करून देणार, जागेवर येणार नाही, बसवण्याच्या काळात ठरलेल्या वेळेत रिमोटवरून मदत करणार. हे जमवायचं असेल तर सॉफ्टवेअर तसं लिहावं लागतं. वीज गेली आणि आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला पाहिजे (ती सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये असते), अ‍ॅप स्वतःहून उघडलं पाहिजे, बंद पडलं तर पुन्हा उठवणारा छोटा प्रोग्राम हवा. टचचं कॅलिब्रेशन (बोट लागतं नेमकं तिथेच टच ओळखला जाणं) आणि प्रोजेक्शनचे कोपरे जुळवणं तिथल्या इलेक्ट्रिशियनला बटणं दाबून करता आलं पाहिजे, कोड उघडायला लागू नये. इन्फ्रारेड फ्रेमच्या टचस्क्रीनवर थेट ऊन पडलं की ती वेड्यासारखी वागते, म्हणून खिडकी कुठे आहे ते आधीच विचारा. काम सोपवताना या गोष्टी झालेल्या असतील तर रात्रीचे फोन खूप कमी होतात.

कामाचा आनंद मोठा आहे, हे नाकारत नाही. सहलीला आलेली जिल्हा परिषद शाळेची मुलं भिंतीवरच्या चित्राला हात लावून पळत सुटतात, ते पाहिलं की थकवा जातो.

पैसे उशिरा येतात. याबद्दल दुसरं कोणी लिहील.

नीलमोहोर

विनूंनी पास दिलाच आहे, तर पैशांबद्दल लिहिते. फ्रीलान्स करते, आणि "फ्रीलान्स म्हणजे वेळ आपल्या हातात" हे अर्धंच खरं आहे. तास हातात येतात, महिना येत नाही.

रानजाई, राजीनाम्याचा विचार करायच्या आधी एक गोष्ट तपासा: सासऱ्यांचा आरोग्य विमा तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे का? असेल तर नोकरी सुटली की तोही सुटतो. झटका येऊन गेलेल्या माणसाला नवी पॉलिसी घेताना आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ लागतो. २०२४ च्या नियमांनंतर तो जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, पण ३ वर्षंही तुमच्यासाठी थोडी नाहीत. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरी असतानाच लेखी विचारा. ई-लर्निंगच्या नोकरीतही पहिला प्रश्न हाच: सासू-सासरे विम्यात घेता की फक्त नवरा आणि मुलं? तिथे विमा असेल तर कमी पगाराचा हिशोब पूर्ण बदलतो. ग्रॅच्युइटीसाठी ५ वर्षं भरत आली असतील तर तारीखही बघून घ्या.

फ्रीलान्स घेतलंच, तर पहिलं बिल पाठवायच्या आधी उद्यम नोंदणी (सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंदणी) करा. ऑनलाइन आहे, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर कायद्याने चक्रवाढ व्याज लागतं. मी बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापते, आणि पैसे लवकर यायला एवढं बरेचदा पुरतं. वर्षाची बिलं २० लाखांच्या वर जाणार असतील तर जीएसटी. क्लायंट सहसा १० टक्के टीडीएस कापतो, त्यामुळे हातात येणारी रक्कम तेवढी कमी धरा. काही व्यवसायांना आलेल्या पैशांपैकी निम्मेच उत्पन्न धरून कर भरता येतो, त्यात तुमचं काम बसतं का ते सीएला विचारा.

आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय प्रोजेक्ट उघडूसुद्धा नका. संग्रहालयाचं काम ठेकेदाराच्या हाताखाली असतं, ठेकेदाराला सरकारकडून मिळाले की मग तुम्हाला, असं ते सांगतात. हे मान्य करू नका. टप्प्यांवर पैसे घ्या आणि शेवटचा टप्पा उद्घाटनाशी जोडू नका, सॉफ्टवेअर सुपूर्द करण्याशी जोडा.

घाटमाथा

मी एका स्टुडिओत प्रोड्यूसर आहे. वरचे सल्ले चांगले आहेत, पण सगळेच तुम्हाला बाहेर काढतायत. मी उलट सांगतो: आधी आतच जागा बदलून मागा.

लाइव्ह टीमचं घड्याळ खेळाडूंच्या हातात असतं. टूल्स टीम (बाकीच्यांना लागणारी साधनं लिहिणारी), बिल्ड पाइपलाइन (बिल्ड आपोआप तयार करणारी यंत्रणा), नव्या गेमचे प्रोटोटाइप (कच्चे नमुने) यांचं तसं नसतं. लेव्हल डिझायनरला लागणारा एडिटर शुक्रवारऐवजी सोमवारी मिळाला तर कोणी रात्र जागवत नाही. युनिटी एडिटरची टूल्स मन लावून लिहिणारी अनुभवी माणसं आम्हाला शोधूनही मिळत नाहीत. तुमच्याकडे लाइव्ह गेमचा अनुभव आहे, म्हणजे टीमला कुठे टोचतं ते तुम्हाला ठाऊक आहे. "मला जमत नाहीये" असं सांगायला जाऊ नका, कारण ते खरंही नाही. दोन-तीन टूल्सची यादी घेऊन जा आणि त्याने टीमचा किती वेळ वाचेल ते दाखवा.

रात्रीच्या मीटिंगबद्दल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी ११ ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला असते, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेनऊला. मुलीच्या झोपेच्या वेळेवर ती जाऊन बसते. हे क्लायंटच्या ध्यानातही नसतं, सांगावं लागतं. आमच्याकडे आम्ही रोजची मीटिंग लेखी केली: संध्याकाळी सहाच्या आत प्रत्येकाने काय झालं, काय अडलं ते लिहायचं, समोरासमोर बोलणं आठवड्यातून दोनदा. प्रकाशकाने खळखळ केली, मग त्यांनाच लेखी नोंदी आवडायला लागल्या. नवी नोकरी बघायचीच तर युरोपचा क्लायंट असलेली बघा. जर्मनीतले सकाळचे १० म्हणजे आपली दुपारची दीड किंवा अडीच.

मुलाखतीत "वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी "उत्तम" येणार. त्याऐवजी विचारा, मागच्या रिलीजच्या आधीच्या महिन्यात टीम शनिवारी आली होती का. ऑन-कॉलची पाळी कशी लागते, रात्री जागलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी असते का. शुक्रवारी बिल्ड सोडता का. लहान मुलं असलेले लीड (टीमप्रमुख) किती आहेत. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कायद्याने पाळणाघराची सोय लागते, ती प्रत्यक्षात कुठे आहे ते बघायला मागा. उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो, त्यावरूनही बरंच कळतं.

आणि हा प्रश्न एकट्या बायकांचा नाही. २००४ साली एरिन हॉफमन यांनी 'ईए स्पाउस' (ईए या गेम कंपनीतल्या माणसाची जोडीदार) या नावाने जोडीदाराच्या कामाच्या तासांबद्दल लिहिलं, तेव्हापासून हा उद्योग यावर बोलतोय. माझ्या टीममधले बाबा लोकही मुलांना शाळेतून आणायला संध्याकाळी पाच वाजता कामावरून उठतात, आणि मी त्यांना उठू देतो.

स्टॉकहोमची_मावशी

शेवटच्या मुद्द्याला जोडून विचारते गं. नवऱ्याची शिफ्ट पक्की करून मिळेल का? मुलाला ताप आला तर इथे स्वीडनमध्ये आई किंवा बाबा, कोणीही घरी राहतं आणि सरकार पगाराचा मोठा भाग देतं, प्रत्येक मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत. आमच्या गेम स्टुडिओत ही रजा बाबा मंडळी सर्रास घेतात. तिकडे तशी सोय नाही हे माहीत आहे. पण या धाग्यावर सगळे तुझीच नोकरी बदलतायत. हॉस्पिटलात सलग सकाळची शिफ्ट मागून बघितली का?

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. विम्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आज एचआरला विचारलं: सासू-सासरे दोघंही ग्रुप पॉलिसीत आहेत. म्हणजे पूर्ण फ्रीलान्स सध्या नाही, हे ठरलं.

मावशी, नवऱ्याने आजवर विचारलं नव्हतं. आता अर्ज देतोय. सलग सकाळची नाही मिळाली तरी महिन्याचं वेळापत्रक आधी मिळावं, एवढं तरी मागणार आहे.

घाटमाथा, टूल्सची यादी करायला घेतली आणि ती माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच लांबली. लीडशी पुढच्या आठवड्यात बोलते. विनू, एक विचारायचं होतं: नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई आहे. परवानगी मिळाली तरच, पण सुट्टीच्या दिवशी थोडं टचडिझायनर (प्रोजेक्शन आणि टचच्या कामांचं सॉफ्टवेअर) शिकून ठेवू का?

ठाणेकर_विनू

जरूर ठेवा. नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट आहे, फक्त चित्र १२८० बाय १२८० पिक्सेलपर्यंतच मिळतं, शिकायला तेवढं भरपूर. पण परवानगी लेखीच घ्या, आणि ऑफिसचा लॅपटॉप त्यासाठी वापरू नका. पैसे न घेता केलेलं कामही करारात अडकू शकतं.

खडीसाखर

आणि ई-लर्निंगवाल्यांना लगेच नाही म्हणू नका. लीडशी बोलणं होईपर्यंत थोडा वेळ मागून घ्या. अ‍ॅक्सेसिबिलिटीची तपासणी कशी करायची याची माझी यादी आहे, मराठीत टिपलेली. हवी असेल तर निरोप टाका, पाठवते.