मदत हवी आहे: मोठा वुडटर्निंग लेथ कोणता घ्यावा? (नाशिक)

भुसाच_भुसा
छोटा लेथ (लाकूड फिरवून कातायचं मशीन) आता पुरत नाही, मोठा घ्यायचाय. दोन बघून ठेवलेत. एक लांब: दोन सेंटरमध्ये (लाकूड धरणाऱ्या दोन टोकांमध्ये) ४० इंच, १ एचपी, पट्टा बदलून पाच वेग, स्विंग (बसेल त्या वस्तूचा जास्तीत जास्त व्यास) १२ इंच. दुसरा आखूड पण अंगाने दांडगा: २ एचपी, थ्री फेज मोटार, व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा डबा), आणि ९ इंच. दुसऱ्याला जवळजवळ दीडपट पैसे. लांबीही कमी, इंचही कमी, मग पैसे कसले? शनिवारपर्यंत कळवायचंय. 'आधी यूट्यूब बघा' कृपया नको.

गोदाकाठचा
बनवायचं काय? घरी सिंगल फेज की थ्री फेज? लेथ ठेवणार कुठे?

भुसाच_भुसा
मोठ्या वस्तू बनवायच्यात हो. फेज साधीच, घरात असते ती. दोनपैकी कोणता, एवढंच सांगा.

अंबड_फिटर
भाऊ, दोन्ही सोडा. अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीत जुना साडेचार फुटी लोखंडकामाचा लेथ बघा. त्याच पैशात येईल आणि वर चार पैसे उरतील. पाचशे-सहाशे किलो वजन, थरथर नावाला नाही. बेडमधला (खालच्या लोखंडी रुळांमधला) गॅपचा तुकडा काढला की मोठा जॉबही बसतो. माझा २० वर्षं चालतोय.

सुतारपक्षी
फिटरभाऊ, तुमचा चालतोय तो लोखंडावर. लाकडाला पटाशी हातात धरतात, तिला टेकायला टूल रेस्ट लागते. ती कॅरेजवर (लोखंडकामात हत्यार धरून सरकतो त्या भागावर) बसवायची तर ब्रॅकेट बनवत बसा. शिवाय बेडच्या तेलात भुसा गेला की त्याचा गाळ होतो आणि ओल्या बाभळीतलं टॅनिन लोखंड काळं करतं.

अंबड_फिटर
ब्रॅकेट बनवायला अर्धा दिवस लागतो. ज्याला वेल्डिंग येत नाही त्याने नवीन घ्यावा, आमची ना नाही.

सिडकोतले_काका
तुमच्या रो-हाउसमध्ये सोसायटीने विचारलं का? आमच्याकडे एकाने पार्किंगमध्ये पॉलिशचं काम काढलं, अख्ख्या लाइनीत शिंका. सागाचा भुसा काहींच्या अंगावर पुरळ आणतो. साधा रुमाल उपयोगाचा नाही, मास्क चांगला घ्या.

गोदाकाठचा
काका, रो-हाउस आहे हे अजून त्यांनीच सांगितलेलं नाही :)
धागाकर्ते, 'मोठ्या वस्तू' म्हणजे पलंगाचे पाय की परातीएवढं काही? सगळं त्यावर अडलंय.

भुसाच_भुसा
काठवट. भाकरीचं पीठ मळायची, बाभळीची, १६ इंची. गावाकडून ओंडके आलेत, तडकायच्या आत काम व्हायला हवं. तळमजल्याची शेड आहे.

सुतारपक्षी
अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! १२ इंच स्विंगवर १६ची काठवट बसणारच नाही, बेडला घासेल. ४० इंच लांबीचं इथे लोणचं घालायचंय का?
दुसऱ्याचे '९ इंच' ही मला सेंटर हाइट, म्हणजे बेडपासून मध्यापर्यंतची उंची वाटते. आपल्याकडचे मशीनवाले पुष्कळदा तीच सांगतात. ९ दुणे १८, म्हणजे १८ इंच स्विंग. पट्टी घेऊन जा, स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून बेडपर्यंत स्वतः मोजा. टूल रेस्टचा पाया जिथे सरकतो तिथेही मोजा, तिथे इंच-दोन इंच कमीच भरतं.
वेगाचा आडाखा: व्यास इंचात गुणिले आरपीएम, हे ६००० ते ९०००च्या दरम्यान राहावं. १६ इंचाला ३७५ ते ५६०. ओबडधोबड ओंडका पहिल्यांदा फिरवताना त्याहूनही खाली. पहिल्या लेथचा सगळ्यांत कमी वेग किती?

भुसाच_भुसा
५००.

सुतारपक्षी
मग विषय संपला. ५ इंच जाडीचा, १८ इंची ओल्या बाभळीचा गोळा वीस किलोच्या पुढे जातो. तो एका बाजूला जड असताना थेट ५००ला सुरू केला तर लेथ शेडभर चालत सुटेल. समोर उभं राहू नका, फेस शील्डशिवाय तर नाहीच.

गोदाकाठचा
दुसरा घेताना दोन गोष्टी बघा. २३० व्होल्ट सिंगल फेज घेणारा व्हीएफडी मोटारीला २३०चीच थ्री फेज देतो. मोटार ४१५च्या स्टार जोडणीत असेल तर मिणमिणती चालेल. नेमप्लेटवर २३०/४१५ आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील, तर डेल्टात (२३०ला चालणाऱ्या जोडणीत) जोडून घ्या. व्हीएफडी आणि मोटारीच्या मध्ये चालू-बंदचं बटण टाकू नका.
आणि नुसत्या व्हीएफडीवर वेग उतरवला की मोटारीची ताकदही उतरते, तिचा पंखा मंदावतो, ती तापते. पट्ट्यालाही किमान दोन पुली हव्यात. काठवटीला मंद पुली.

अंबड_फिटर
वेग उतरवूनही ताकद टिकवायची सोय आमच्या लेथला आधीपासून आहे. बॅक गिअर म्हणतात.

द्राक्षबाग_पिंपळगाव
बाग मोडली की द्राक्षाची खोडं चुलीत जातात. कुणाला हवीत का? पेन, बाटलीची बुचं छान होतात म्हणे.

सिडकोतले_काका
खोडांचं राहू द्या, आपल्या तपोवनातल्या झाडतोडीच्या वादावर आधी बोला.

गोदाकाठचा
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.
द्राक्षाचं खोड वाळताना वाईट तडकतं. तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण लावा. बाभळीच्या ओंडक्यांनाही आजच लावा.

भुसाच_भुसा
मोजून आलो. मध्यापासून बेडपर्यंत ९, टूल रेस्टच्या पायावर साडेसात. पुली दोन आहेत. नेमप्लेट रंगाखाली गेलीय, विक्रेता म्हणतो 'चालतं सगळं'.

सुतारपक्षी
साडेसात म्हणजे पायावर १५. १६ची काठवट पायाच्या अलीकडे राहिली तरच फिरेल, बाहेरची बाजू कातताना पाया मध्ये येईल. १४ची करा, नाहीतर हेडस्टॉक (स्पिंडल असलेलं डोकं) फिरवून बाहेरच्या बाजूला काम करता येतं का ते विचारा. नेमप्लेटवरचा रंग थिनरने निघतो. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

भुसाच_भुसा
हेडस्टॉक फिरतो म्हणाला. थिनर घेऊन उद्या परत जातो. ९ टक्के डिस्काउंट मागू का १०?

अंबड_फिटर
रोख असेल तर १५ मागा, १० वर या. आणि उतरवायला चार माणसं घेऊन जा, टेम्पोवाला हात लावत नाही.

नवीन_सदस्य
नमस्कार, यावर लाटणी होतील का? बायकोने विचारलंय.