साठेखत झालं, खरेदीखत होईना. आधी नोटीस की थेट दावा?

जुनंजातं (18 नोव्हेंबर 2025)
कोरेगावच्या गावठाणात तीन खणांचं घर ठरवलं. 12 जून 2022 ला रजिस्टर साठेखत, म्हणजे पुढे विकायचा करार, केलं. किंमत 38 लाख, त्यातले 9 चेकने दिले. 12 डिसेंबर 2022 पर्यंत खरेदीखत करायचं असं कागदात आहे. तेव्हापासून मालकाचं एकच, "बहीण पुण्याहून येऊ दे." मिळकत पत्रिकेवर नाव एकट्याचं, बहिणीचा काय संबंध! दिवाळीत कळलं, 52 लाखांचं गिऱ्हाईक आलंय. सगळे म्हणतात, आधी नोटीस दे, उत्तराची वाट बघ. आई म्हणते, त्याच गल्लीत राहायचंय, कोर्ट नको.

काळा_कोट
साठेखतातली तारीख परत वाचा. दिवस ठरलेला असला की मुदत कायद्याच्या अनुच्छेद 54 प्रमाणे दावा लावायला तिथून 3 वर्षं. म्हणजे येत्या 12 डिसेंबरला खेळ संपला. नोटीस द्या, पण नोटिशीनं मुदत वाढत नाही. मालकानं काही लेखी दिलंय?

जुनंजातं
व्हॉट्सअ‍ॅपवर "जानेवारीत बघू" एवढंच.

काळा_कोट
त्याच्यावर विसंबू नका. 12 च्या आत दावा, सोबत मनाईचा अर्ज. नाहीतर घर त्या 52 वाल्याच्या नावावर गेलेलं बघाल.

पेन्शनर_वाई
आमचा दावा 2009 चा. साठेखत पक्कं, मालक खोटा, तरी हरलो. साहेबांनी एकच विचारलं, त्या मुदतीत उरलेले पैसे कुठे होते? आमचे शेत विकून येणार होते, आणि शेत विकलंच नव्हतं. करार पाळायला लावायचा जो कायदा (Specific Relief Act), त्याचं कलम 16(क): घेणाऱ्याची तयारी आणि इच्छा दोन्ही लागतात. 2018 च्या दुरुस्तीनं कोर्टाची मर्जी बरीच कमी केली, पण ही अट गेली नाही. वकिलांनी पर्यायी मागणी (घर नाही तर पैसे परत) लिहिली होती म्हणून इसार तरी व्याजासकट परत आला, अकरा वर्षांनी. त्यात पडवीसुद्धा झाली नसती.

जुनंजातं
माझ्याकडे 29 लाखांचं कर्जमंजुरीचं पत्र आहे, ऑगस्ट 2022 चं. पुढे ते बाद झालं.

काळा_कोट
जुनं पत्र, खात्याचे उतारे, ते मेसेज, सगळं जपा. पण तयारी आजही दाखवावी लागेल. उद्याच बँकेत जा.

जुनंजातं
जातो. कोर्ट फी 9 लाखांवर ना?

काळा_कोट
नाही हो, पूर्ण 38 वर.

जुनंजातं
हे आईला सांगत नाही.