शब्दचर्चा: ‘सामाईक’, ‘सार्वजनिक’, ‘सामूहिक’ आणि गोव्याची गावकरी

विचारणा (फोंडा)

मालकीहक्क आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन या विषयावरील एका पाठाचे मराठीकरण करताना ‘कॉमन प्रॉपर्टी’ या संज्ञेपाशी अडलो आहे. काही पुस्तकांत ‘सामाईक मालमत्ता’ असे आढळते, काहींत ‘सार्वजनिक मालमत्ता’ असे, आणि आपल्याकडे कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या, जमिनीला तर बोलताना सर्रास ‘सरकारी जमीन’ म्हटले जाते. पाठात गोव्यातील खाजनांचे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींचे) उदाहरण द्यायचे असल्यामुळे शब्द चुकला तर अर्थच उलटा होईल, अशी भीती वाटते. कोणता शब्द योजावा?

उत्तर (मडगाव)

‘सार्वजनिक’ मुळीच नको. रस्ता सार्वजनिक असतो, समुद्रकिनारा सार्वजनिक असतो, कारण तिथे येणाऱ्याला ‘तू कोण?’ असे विचारता येत नाही. विहीर, खळे किंवा बांध मात्र ‘सामाईक’ असतो आणि हा शब्द ऐकताच कोणत्याही शेतकऱ्याला कळते की त्यावर चार ठरावीक घरांचा हक्क आहे, पाचव्याचा नाही. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली सामाईक कुरणाच्या ऱ्हासाचे जे प्रसिद्ध चित्र रंगवले, त्यातील कुरण खरे पाहता सामाईक नव्हतेच. कोणीही यावे आणि कितीही गुरे चारावीत, असे ते मोकाट रान होते. पुढे हार्डिन यांनाही ‘ज्याचे व्यवस्थापन होत नाही असे’ हे विशेषण आपल्या सिद्धान्ताला जोडावे लागले. ज्यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेमका हाच भेद लावून धरला आणि जगभरातील सिंचनव्यवस्था, जंगले व मासेमारीची ठिकाणे यांची उदाहरणे देऊन दाखवले की वाटेकरी ठरलेले असले आणि नियम त्यांचे त्यांनी केलेले असले, तर साधनसंपत्ती पिढ्यानपिढ्या टिकू शकते.

गोव्यापुरता एक इशारा देतो. महाराष्ट्रातील वाचक ‘गावकरी’ म्हणजे गावात राहणारा कोणीही, असे समजतो. आपल्याकडे ‘गावकरी’ हे संस्थेचे नाव आहे आणि तिचा सदस्य तो ‘गांवकार’, म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांचा पुरुष वंशज. पोर्तुगिजांनी 1526 च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, गांवकारांच्या रूढी लेखी नोंदवल्या, पुढे या संस्थेला ‘कोमुनिदाद’ म्हटले, आणि आजही तिचा कारभार 1961 च्या संहितेनुसार चालतो. शासनाची देखरेख असली तरी जमीन शासनाची नाही. ‘सरकारी’ या शब्दाने होणारी हानी लहानसहान नाही, कारण सरकारी म्हटले की लोकांच्या मनात ती बेवारशी होते आणि अतिक्रमणाला तोंड फुटते.

दुसरे मत (वाळपई)

‘सामाईक’वर माझा एक आक्षेप आहे. भावांची जमीन सामाईक असते, तेव्हा त्यातील प्रत्येकाला वाटणी मागता येते. किंबहुना ‘सामाईक’ या शब्दातच उद्याची वाटणी गृहीत असते. कोमुनिदादमधील गांवकाराला झोण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, मिळतो. परंतु ‘माझा तुकडा मला तोडून द्या’ असे तो म्हणू शकत नाही. म्हणून तिथे ‘सामूहिक मालमत्ता’ अधिक नेमके ठरेल. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या मराठी व्यवहारातही वैयक्तिक दाव्यांच्या जोडीला ‘सामूहिक दावे’ हाच शब्द रूढ आहे. आमच्या सत्तरी तालुक्यात मोकासो (इनामी जमीन), आल्वारा (पोर्तुगीज काळात लागवडीसाठी दिलेली जमीन) आणि सरकारी वन यांची अशी सरमिसळ आहे की एकाच डोंगरावर काजू एकाचे, जमीन दुसऱ्याची आणि वहिवाट तिसऱ्याची, असे चित्र दिसते.

उत्तर (मडगाव)

वाटणीचा मुद्दा मान्य आहे, आणि खाजनाच्या बाबतीत सारे प्रकरण त्याच मुद्द्याभोवती फिरते.

खाजन म्हणजे खाडीकाठची खारी जमीन बांध घालून लागवडीखाली आणलेली. बांधात ‘मानस’ असते. तिची लाकडी दारे अशी बसवलेली असतात की भरतीच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलू लागले की उघडतात. भात उभे असेपर्यंत खारे पाणी आत घ्यायचे नाही; कापणी झाल्यावर भरतीबरोबर पाणी आत घेऊन ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावायचे आणि सुंगटे, शेवटे, काळुंद्रे धरायचे, असा क्रम होता. शेत कसण्याचा हक्क ठरावीक मुदतीने पावणीत, म्हणजे लिलावात, जाई, मानशीतील मासळीची पावणी वेगळी होई, आणि दोन्हींचे उत्पन्न त्याच संस्थेकडे येत असल्याने बांधाच्या डागडुजीचा खर्चही तीच करी. मासळीसाठी शेत बुडवावे असा मोह एखाद्याला झाला, तरी शेताचा तोटा संस्थेच्याच खात्यात पडत असे.

मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची दुरुस्ती यांमुळे कसणारा मालक झाला. ते न्यायाचेच होते आणि भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जाचातून सुटलेल्या कुटुंबांना त्याचे मोल विचारावे. तथापि शेताचे तुकडे कुळांच्या नावे झाले आणि बांध मात्र अखंडच राहिला, कारण बांधाची वाटणी होऊच शकत नाही. ती जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. शेती आतबट्ट्याची होऊन घरातील माणसे नोकरीला लागली, तशी अनेक ठिकाणी मानशीची पावणी हाच संघटनेचा मुख्य व्यवहार उरला. पावणी घेणाऱ्याचा हक्क मुदतीपुरता आणि मासळीपुरता असतो. मानस अवेळी उघडी ठेवण्यात त्याचा लाभ आहे, तर जमिनीत मुरलेले मीठ पुढच्या पावसांनी धुऊन निघेपर्यंत वाट पाहण्याचे काम शेतकऱ्याचे. पुढे शेतात खारफुटी माजली, तर ती तोडण्यावरही कायद्याचे निर्बंध येतात आणि जमिनीच्या नोंदीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मालक असलेल्या माणसाला आपल्याच शेतात नांगर घालता येत नाही.

म्हणून अनुवादात ‘मालकी’ हा एकच शब्द सगळीकडे वापरू नये, असे सुचवतो. ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकारी एडेला श्लागर यांनी 1992 मध्ये हक्कांची जी पाच अंगे सांगितली, त्यांना मराठीत प्रवेश, उपसा, व्यवस्थापन, मज्जाव आणि हस्तांतरण असे म्हणता येईल. मानशीची पावणी घेणाऱ्याकडे यांतील पहिली दोनच असतात. व्यवस्थापन त्याच्या हाती आले ते इतरांनी सोडून दिल्यामुळे.

पुरवणी (डिचोली)

‘सामूहिक’ हा शब्द गोड वाटतो म्हणून लिहितो: गांवकारांच्या समूहात बहुतेक ठिकाणी स्त्रियांना स्थान नाही, आणि बांधावर चिखल वाहणाऱ्यांनाही नव्हते. ‘मज्जाव’ हा शब्द त्या अर्थानेही चपखल आहे.

आमच्या भागात अडचण निराळ्या शब्दाची आहे. खाणींसाठी पोर्तुगीज काळात मिळालेली ‘कन्सेशन’ जवळजवळ मालकीसारखी मानली जात असे. 1987 च्या कायद्याने ती रद्द करून त्यांचे रूपांतर मुदतीच्या ‘लीज’मध्ये केले. तरीही बोलण्यात ‘अमक्याची खाण’ हाच प्रयोग टिकला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या लीज 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपल्याचे ठरवले, वार्षिक उत्खननावर 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील दहावा हिस्सा कायमस्वरूपी निधीत टाकण्यास सांगितले. त्या निधीमागची कल्पना अशी की खनिज पुढील पिढ्यांचेही आहे. अशा संपत्तीला ‘सरकारी’ म्हणणे अपुरे पडते. ‘विश्वस्त’ हा आपला जुना शब्द तिथे बसतो: सरकार खनिजाचे विश्वस्त आहे आणि लीजधारक मुदतीपुरता उपसा करणारा.

विचारणाकर्ता (फोंडा)

आभारी आहे. कोमुनिदादसाठी ‘सामूहिक’, भाऊबंदांच्या जमिनीसाठी ‘सामाईक’ आणि हार्डिन यांच्या कुरणासाठी ‘मोकाट’ असे ठरवतो. रापणकारांचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांचा, समुद्र मात्र यांतील कोणत्या खणात घालावा? 1980 च्या मासेमारी नियमन कायद्याखाली किनाऱ्यालगतचा 5 किलोमीटरचा पट्टा ट्रॉलरना बंद आहे, मग तो मोकाट म्हणता येणार नाही.

उत्तर (मडगाव)

कागदावर तो ‘राखीव’ आहे. मज्जाव करण्याचा हक्क रापणकारांकडे नाही, शासनाकडे आहे, आणि रात्री पट्ट्यात शिरलेल्या ट्रॉलरला अडवणारे कोणी नसेल, तर त्या रात्रीपुरता तो मोकाटच. पाठात ‘राखीव’ लिहावे आणि मज्जाव कोणी करायचा ते त्याच वाक्यात सांगावे.